सहावी ते आठवीच्या मुलांचा स्वतःचा शोध: पालक आणि शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी नागपुरातल्या एका मराठी शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. पोळा झाला की आमच्या वर्गात एक काम सुरू होतं. प्रत्येकाने स्वतःच्या डोक्यातून निघालेली, कुणाच्या तरी कामाला येणारी एक वस्तू करायची, आणि ती नाताळच्या आत चालवून दाखवायची. दरवर्षी पालकसभेत आणि शाळेच्या फाटकाशी मला तेच ते प्रश्न विचारले जातात, म्हणून एकदाच सगळी उत्तरं लिहून ठेवते आहे.

शोध म्हणजे विज्ञान प्रदर्शनातलं मॉडेलच ना?

नाही. खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, थर्माकोलची सौरमाला, डोळ्याची रचना ही समजावून सांगायची साधनं आहेत. ती वाईट नाहीत, पण ती केल्याने कुणाचं अडलेलं काम होत नाही.

आपल्या भाषेचाही यात थोडा घोळ आहे. निसर्गात आधीपासून असलेलं सापडलं तरी आपण ‘शोध लागला’ म्हणतो, आणि नवी वस्तू घडवली तरी ‘शोध लावला’च म्हणतो. गांधीसागर तलावासमोरच्या विज्ञान केंद्राला ज्यांचं नाव आहे त्या रमण यांनी १९२८ मध्ये प्रकाशाच्या विखुरण्याचा जो परिणाम दाखवला, तो पहिल्या प्रकारचा शोध. प्रकाश आधीही तसाच वागत होता. आम्हाला हवा आहे तो दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे आधी नव्हती अशी वस्तू किंवा रीत.

सुरुवात कुठून करायची?

वस्तूपासून कधीच नाही. ‘मी ड्रोन बनवणार’ म्हणून सुरू झालेलं काम यूट्यूब बघून केलेल्या नकलेपाशी संपतं, हे मी पुरेशा वेळा पाहिलं आहे. सुरुवात कटकटीपासून करा.

आमच्या गावात यासाठी आयतीच सोय आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे वाईटाला गावाबाहेर घालवायचे मोठे पुतळे, मिरवत निघतात, समाजातल्या दुखण्यांवर टोमणे मारणारे बडग्यांचे पुतळे निघतात, आणि अख्खी इतवारी-महाल ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडते. मिरवणूक बघून आलेल्या पोरांना दुसऱ्या दिवशी मी वहीचं एक पान आखायला लावते. पानावर वर लिहायचं ‘घेऊन जा गे मारबत’, आणि खाली आठवडाभर, दिसेल तशी, रोजच्या जगण्यातली प्रत्येक कटकट. रोगराई आणि भ्रष्टाचार बडग्यांवर सोडून द्यायचा. आपल्याला लहान कटकटी हव्यात. डब्याचं झाकण आईला उघडत नाही. सायकलच्या स्टँडखाली डांबर वितळतं आणि सायकल पडते. आजोबांना गोळ्यांची पाकिटं सारखीच दिसतात. पाण्याची बाटली दप्तरात आडवी होते आणि भूगोलाचं पुस्तक ओलं होतं.

या यादीला दोन अटी असतात. एक, किमान वीस कटकटी पाहिजेत. पहिल्या सहा-सात सगळ्यांच्या सारख्याच येतात, खरं काम त्यानंतर सुरू होतं. दोन, प्रत्येक कटकटीपुढे माणसाचं नाव लिहायचं, म्हणजे ती नेमकी कुणाची आहे. ‘लोकांना त्रास होतो’ असं लिहिलं की मी खोडते. कोणते लोक? कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका की शेजारची काकू? नाव असलं की पोरगं जाऊन विचारू शकतं. ‘लोकांना’ काही विचारता येत नाही.

आमच्या मुलाला काहीच सुचत नाही. काय करू?

त्याला खुर्चीवर बसवून ‘विचार कर’ म्हणू नका. त्याला कुणाच्या तरी मागे अर्धा दिवस पाठवा. आजी स्वयंपाक करते तिथे, बाबांच्या दुकानात, भाजीवालीच्या हातगाडीपाशी. हातात वही द्यायची आणि एकच सूचना करायची: माणूस कुठे थांबतो, कुठे वाकतो, कुठे वैतागतो आणि कुठे स्वतःच काहीतरी जुगाड करतो ते टिपून ठेव. दोरीने बांधलेला मिक्सर दिसला की तिथे शोध दडलेला आहे असं खुशाल समजावं.

मुलीने नाग नदी स्वच्छ करायचा विषय घेतला आहे. चालेल?

मनापासून कौतुक करा आणि विषय लहान करायला लावा. सांडपाण्यावर १९५८ पासून नागपुरातच नीरीसारखी अख्खी पर्यावरण संशोधन संस्था काम करते आहे. बारा वर्षांच्या मुलीने चार महिन्यांत नदीपासून स्वयंपाकघराच्या मोरीपर्यंत मागे यावं. मोरीच्या जाळीत अडकणारं खरकटं हात न लावता कसं काढायचं, एवढा विषय पुरे आहे.

हे आधीच कुणी केलेलं नाही, हे कसं कळणार?

शोधून, दुसरा मार्ग नाही. आणि हे काम वस्तू बनवण्याच्या आधी करायचं.

माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजोबांची काटोलकडे संत्र्याची बाग आहे. संत्रं ओढून तोडलं की देठापाशी साल फाटते आणि तिथून फळ सडायला लागतं, म्हणून देठ ठेवून कात्रीने कापावं लागतं. उंचावरच्या फळांसाठी शिडी सारखी हलवावी लागते. हिने लांब काठीला कात्री लावायचं ठरवलं आणि ‘जगात कुणीच केलं नाही मॅडम’ असं ठासून सांगितलं. मी म्हटलं, आधी बघ तर. दोन दिवसांनी तोंड एवढंसं करून आली. आंबे काढायचा झेला, म्हणजे टोकाला कडं आणि जाळी असलेली लांब काठी, तर शेकडो घरांत आहे, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ देठासकट आंबा कापतोसुद्धा.

इथे बहुतेक मुलं विषय सोडतात आणि मोठी माणसंही ‘जाऊ दे, दुसरं घे’ म्हणतात. सोडू देऊ नका. त्याऐवजी विचारा, ‘तो झेला तुझ्या आजोबांच्या बागेत चालेल का?’ ती बागेत जाऊन बघून आली. संत्र्याच्या झाडात फांद्या दाट असतात, त्यामुळे रुंद कडं आत शिरताना अडकतं, आणि प्रत्येक फळासाठी काठी खाली घ्यावी लागते. तिची वस्तू तिथून सुरू झाली. कडं अरुंद केलं, त्याला जुन्या साडीची लांब बाही शिवली, आणि कापलेलं फळ त्या बाहीतून घसरत कमरेच्या पिशवीत येऊ लागलं. बाही सरळ ठेवली तर संत्रं धाडकन आपटायचं, म्हणून तिने मध्ये दोन ठिकाणी रबर घालून ती आवळली. ते रबर हा तिचा शोध. ते दुसऱ्या कुणी सुचवलं नव्हतं.

शोध घ्यायचा कुठे? बाजारात, ऑनलाइन दुकानांवर, गूगल पेटंट्सवर आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या मोफत शोध-सुविधेवर. एकाच वस्तूची चार-पाच वेगवेगळी नावं घालून बघा, कारण नोंदी इंग्रजीत असतात आणि पेटंट लिहिणारे साध्या काठीलाही साधी काठी म्हणत नाहीत. इथे पालकाने शेजारी बसायला हरकत नाही.

नागपूरकरांसाठी एक जादाची माहिती. देशाची पेटंट माहिती प्रणाली १९८० साली आपल्याच गावात सुरू झाली. आज सिव्हिल लाइन्समध्ये बौद्धिक संपदेचं प्रशिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. आपण तिच्या फाटकावरून रोज जातो आणि आत काय चालतं ते आपल्याला माहीत नसतं.

आधीच्या वस्तूत सुधारणा केली तर तो ‘स्वतःचा’ शोध म्हणायचा?

म्हणायचा. लुई ब्रेलने उठावदार टिंबांची कल्पना शून्यातून काढली नव्हती. बार्बिये नावाच्या माणसाची बारा टिंबांची पद्धत त्याच्या हाती आली होती, पण एवढी टिंबं बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हती. ब्रेलने ती सहावर आणली. ते १८२४ साल होतं आणि तो पंधरा वर्षांचा होता. स्वतः बोटांनी वाचणारा होता, म्हणून अडचण कुठे आहे ते त्याला डोळसांपेक्षा आधी कळलं. मात्र आधीचं कुणाचं, त्यात माझं काय, हे मुलाने वहीत स्पष्ट लिहिलंच पाहिजे. एवढा प्रामाणिकपणा आठवीतल्या मुलाकडून मागता येतो.

पालकांनी किती मदत करायची?

या प्रश्नावर माझं डोकं जरा तापतं, तेव्हा सांभाळून घ्या.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात मी परीक्षक होते. एका टेबलावर सुरेख रंगवलेली, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारी हायड्रॉलिक लिफ्ट होती. मी मुलाला विचारलं, पाण्याऐवजी हवा भरली तर काय होईल? त्याने मागे उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी दुकानदाराने दिलेल्या माहितीपत्रकाकडे पाहिलं. त्या लिफ्टला बक्षीस मिळालं. मी दिलेले गुण कमी होते, पण मी एकटीच होते. शेजारच्या टेबलावर एक पोरगी पुठ्ठ्याची, फेविकॉल ओघळलेली वस्तू घेऊन बसली होती. तिला मी विचारायच्या आतच ती सांगत होती, ‘हे इथे तुटते जी, पण काहून तुटते ते मला समजलं.’

माझा नियम असा की मोठ्यांनी हात पाठीमागे बांधावेत आणि तोंड प्रश्नांपुरतं उघडावं. ‘असं कर’ म्हणायचं नाही. ‘असं केलं तर काय होईल?’ हे चालतं. मोठ्यांची कामं तीन. धोका असेल तिथे थांबवणं, सामानाच्या दुकानापर्यंत नेणं, आणि जे काम मुलाच्या ताकदीबाहेर आहे ते त्याच्याच चित्रावरून करवून देणं. केरळच्या रेम्या जोसने शाळकरी वयात पायडलवर चालणारं कपडे धुण्याचं यंत्र काढलं. आई आजारी होती आणि कपडे धुण्याचं काम हिच्यावर आलं होतं. लोखंडाचं काम तिने स्वतः केलं नाही. आराखडा तिचा होता आणि वडिलांनी तो जवळच्या कारखान्यातून घडवून आणला. ही मदत योग्य, कारण डोकं तिचंच राहिलं.

तुमची मदत जास्त झाली का, हे ओळखायला सोपं आहे. वस्तू बिघडल्यावर मूल तुमच्याकडे धावतं की स्वतः उघडून बघतं?

किती खर्च येतो?

आमच्या वर्गात तीनशे रुपयांची मर्यादा आहे, आणि बहुतेकांचं शंभरात होतं. पुठ्ठा, सनबोर्ड, आइस्क्रीमच्या काड्या, सायकलची जुनी ट्यूब, छत्रीच्या काड्या, सलाईनची नळी (नवी, दवाखान्यातली वापरलेली नाही), रबर, एम-सील. पहिली प्रतिकृती पुठ्ठ्याचीच झाली पाहिजे असा माझा आग्रह आहे. पुठ्ठा कापून टाकताना जीव दुखत नाही. ॲक्रिलिकवर खर्च झाला की मूल चुकीच्या रचनेला चिकटून बसतं.

अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारं छोटं सर्किट बोर्ड), सेन्सर, ॲप लागतंच का?

नाही. गरज असेल तर वापरा. सेन्सर लावला म्हणून वाईट कल्पना चांगली होत नाही, तिला फक्त दिवा लागतो.

चॅटबॉटला कल्पना विचारली तर चालेल का?

कटकट शोधायला चालणार नाही. तुमच्या आजीचा गुडघा त्याला माहीत नाही. ‘तरंगणारी वस्तू पाण्यात अडकते, का अडकत असेल?’ असं विचारायला हरकत नाही, पण मिळालेलं उत्तर बादलीत करून बघायचं, आणि काय विचारलं तेही वहीत लिहायचं.

इजा होऊ नये म्हणून काय बघायचं?

घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला मुलांनी हात लावायचा नाही. यात सूट नाही, ‘त्याचे काका इलेक्ट्रिशियन आहेत’ तरीही नाही. सेलवर चालेल तेवढंच करायचं. मोबाइलच्या फुगलेल्या किंवा काढलेल्या बॅटऱ्या वापरायच्या नाहीत, त्या पेट घेतात. कटर वापरताना पुठ्ठा मांडीवर ठेवायचा नाही, आणि ग्लू गन वापरताना मोठं माणूस शेजारी हवं.

कूलरबद्दल वेगळं सांगते, कारण नागपुरातल्या निम्म्या कल्पना कूलरभोवतीच फिरतात. पारा पंचेचाळिसाच्या वर जाणाऱ्या गावात दुसरं काय होणार? पण लोखंडी पत्रा, पाणी आणि वीज एकत्र असलेली ही वस्तू आहे, आणि तिच्यात करंट उतरून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. कूलरवर काम करायचं तर प्लग काढून, आणि प्लग काढलाय हे मोठ्या माणसाने स्वतः बघून.

वस्तू झाली. आता चाचणी कशी घ्यायची?

ज्याचं नाव कटकटीपुढे लिहिलं होतं त्याच्या हातात द्यायची आणि गप्प बसायचं. ‘असं नाही, तसं धरा’ सांगावं लागलं तर चूक वस्तूची, माणसाची नाही.

सातवीतल्या एका मुलाची आजी रात्री दोनदा उठायची. कूलर खिडकीबाहेर, त्याच्या टाकीतलं पाणी आतून दिसत नाही, आणि पाणी संपलं की पंप कोरडा चालून जळतो. याने टाकीत थर्माकोलचा तुकडा सोडला, त्यात सायकलची तार खोचली आणि तारेच्या टोकाला लाल मणी लावला. पाणी भरलं की मणी खिडकीच्या चौकटीच्या वर दिसायचा, संपत आलं की खाली जायचा. विजेचा प्रश्नच नव्हता. वर्गात बादलीत ठेवून दाखवलं तेव्हा सगळे खूश झाले.

घरी ते चार दिवसांत बंद पडलं. थर्माकोल हलत हलत टाकीच्या कडेला चिकटायचा आणि तार वाकडी व्हायची. मग त्याने भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात छोटी बंद बाटली सोडली, म्हणजे ती सरळच वर-खाली होईल. पंधरा दिवस छान चाललं. मग पाणी संपलं तरी मणी वरच. पाण्यातले क्षार तारेवर साठून ती भोकात घट्ट बसली होती. भोक मोठं केलं तर तार डुगडुगू लागली. शेवटी तारेऐवजी प्लास्टिकची गुळगुळीत काडी आली आणि भोकाची कड कापून तिरपी केली. तेव्हा जमलं. पण खरी चूक आजीने सांगितली: ‘अरे बापा, रात्रीच्या अंधारात मला लाल मणी दिसते का?’ तीन महिने आम्हा कुणाच्याच डोक्यात हे आलं नव्हतं, माझ्यासुद्धा. मण्याला रात्री चमकणारं स्टिकर लागलं.

आणि आकडे हवेतच. ‘चांगलं चाललं’ हा निकाल होत नाही. दहा वेळा करून किती वेळा चाललं, पाणी किती सेंटिमीटर उतरल्यावर मणी दिसेनासा झाला, शिडीने दहा मिनिटांत किती फळं आणि नव्या काठीने किती, हे मोजायचं. कूलरची ताटी, माठ, ओलं कापड यांवरचे प्रयोग असतील तर तारीख आणि हवेची स्थितीही लिहायची. मे महिन्याच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं, म्हणून गारवा येतो. पावसाळी दमट हवेत तीच वस्तू ढिम्म गार होत नाही, आणि मूल समजतं आपलं चुकलं.

वहीत काय लिहायचं?

तारीख, चित्र, काय केलं, काय झालं. पानं फाडायची नाहीत, खोडलेलं वाचता आलं पाहिजे. सुंदर अक्षरात मागाहून उतरवलेली वही मी परत करते.

एकट्याने करावं की गटात?

दोघं किंवा तिघं. चौथा चहा आणायला लागतो. मुलं-मुली एकत्र असतील तर बघा, मुलगे हातोडी घेतात आणि मुलीला ‘तुझं अक्षर छान आहे, तू लिही’ म्हणतात. मी दर आठवड्याला कामं फिरवते.

आमच्या शाळेत प्रयोगशाळाच नाही. कुठे जायचं?

नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब काही शाळांमध्ये आहेत, सहावीपासूनच्या मुलांसाठी. जवळच्या शाळेत असेल तर मुख्याध्यापकांनी मुख्याध्यापकांना विचारावं, काम लवकर होतं. रमण विज्ञान केंद्रातली उपकरणं हाताळून बघायला एक अख्खा दिवस काढा, पण मुलांना एकेका उपकरणापाशी थांबू द्या, रांगेत पळवू नका. आणि सायकल दुरुस्तीचं दुकान, शिंपी, सुतार यांच्याकडे जा. आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका सुताराने. प्रत्येक पोराला त्याने आधी विचारलं, ‘माप घेतलं का बे?’

इन्स्पायर-मानक योजनेत भाग घेता येईल?

येईल. केंद्राचा विज्ञान व तंत्रज्ञान विभाग आणि राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान ही योजना चालवतात. नाव शाळेमार्फतच ऑनलाइन जातं. कल्पना निवडली गेली तर प्रतिकृतीसाठी दहा हजार रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात, आणि पुढे जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या असतात. मुलाचं खातं आधीच उघडून ठेवा, ऐनवेळी त्यासाठी धावपळ होते. कल्पना मराठीत विचार करून, साध्या वाक्यांत लिहा. नेटवरून उचललेला मजकूर दोन ओळींत कळतो.

पेटंट घ्यायचं का?

बहुतेकांना गरज नाही. पेटंट कायदा १९७०चा आहे. वस्तू नवी हवी, जाणकाराला सहज सुचणारी नसावी आणि उद्योगात वापरता यावी, अशा तीन अटी आहेत. मुदत अर्जापासून वीस वर्षं, आणि ते टिकवायला फी भरत राहावी लागते. पण खरोखरच काही वेगळं हाती लागलं असं वाटलं, तर एक खबरदारी घ्या. अर्ज करण्याआधी वस्तूचा व्हिडिओ टाकू नका, वर्तमानपत्रात फोटो देऊ नका. जगजाहीर झालेली गोष्ट कायद्याच्या नजरेत सहसा नवी राहत नाही. अभिमानाने स्टेटस ठेवणारे आईबाबाच इथे घात करतात.

प्रदर्शन संपल्यावर त्या वस्तूंचं काय करता?

स्क्रू, चाकं, मोटरी सुट्या करून बिस्किटांच्या डब्यांत जातात, पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी. पहिली पुठ्ठ्याची फसलेली प्रतिकृती मात्र मी टाकू देत नाही, ती कपाटावर राहते. कूलरची काडी अजून त्या आजीच्या खिडकीत आहे. दर पंधरा दिवसांनी तिच्यावरचे क्षार खरवडायचं काम नातवाकडे आहे, आणि ते खरवडावे लागू नयेत म्हणून काय करता येईल, ते त्याच्या यंदाच्या मारबतीच्या पानावर पहिल्या नंबरला लिहिलं आहे.